मेथडमध्ये बदललेली स्ट्रिंग बाहेर येताच पुन्हा जुनीच! (जावा)

सायलीची_वही

मंडळी, नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचते आहे, हा माझा पहिलाच धागा.

मी एमसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आमच्या गावच्या वाचनालयाची सभासद-यादी संगणकावर आणायचं काम अंगावर घेतलंय. जुन्या रजिस्टरातली नावं दोघींनी वाटून टाइप केली. आता 'कऱ्हाड' शोधलं की निम्मेच सभासद सापडतात. कुठे गावाच्या नावामागे मोकळी जागा राहिली आहे, कुठे 'ऱ' वेगळ्या पद्धतीने टाइप झालाय. डोळ्यांना सगळं सारखंच दिसतं, जावाला दिसत नाही.

म्हणून एक मेथड (नाव देऊन बोलावता येणारा कोडचा तुकडा) लिहिली. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. नॉर्मलाइझ वेगवेगळ्या पद्धतीने टाइप झालेली अक्षरं एनएफसी या युनिकोडच्या ठरलेल्या रूपात आणतं आणि ट्रिम कडेच्या मोकळ्या जागा काढतं. (कोड देवनागरीत लिहिते आहे, आपापल्या मनात रोमन करून वाचा.)

स्टॅटिक व्हॉइड शुद्धकर(स्ट्रिंग गाव) {
  गाव = नॉर्मलायझर.नॉर्मलाइझ(गाव, एनएफसी);
  गाव = गाव.ट्रिम();
  छाप(गाव);
}

मेथडच्या आत छापलं की नाव अगदी स्वच्छ. बाहेर येऊन तेच नाव छापलं की मागची मोकळी जागा जिथल्या तिथे. आधी तर मी नुसतंच 'गाव.ट्रिम();' लिहिलं होतं, तेव्हा आतसुद्धा काही बदलत नव्हतं. डावीकडे 'गाव =' लावल्यावर आत बदलायला लागलं, पण बाहेर नाही ते नाहीच. तीन संध्याकाळी यात गेल्या.

क्लासमध्ये आम्हाला शिकवलं होतं की इंट, डबल असे साधे आकडे दिले तर मेथडला कॉपी मिळते आणि ऑब्जेक्ट दिला तर खुद्द ऑब्जेक्टच जातो. स्ट्रिंग तर ऑब्जेक्ट आहे. मग?

---

अर्धविराम

व्हॉइड म्हणजे मेथड काही परत देत नाही. त्याच्या जागी स्ट्रिंग करा, शेवटी 'रिटर्न गाव;' लिहा आणि बोलावताना 'गाव = शुद्धकर(गाव);' असं बोलवा. झालं काम.

---

सायलीची_वही

अर्धविराम, मनापासून आभार, चाललं! पण का चाललं ते कळल्याशिवाय पुढे जाववत नाही. उद्या दुसऱ्या ठिकाणी पुन्हा हेच करून बसेन.

---

तळ्याकाठी

सायली, प्रश्न चांगला आहे आणि घाईने उरकण्यासारखा नाही. वीसेक वर्षं मुलांना शिकवतोय, हा गुंता दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वहीत सापडतो. तुमच्या कोडमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. त्या सुट्या करू.

पहिली गोष्ट स्ट्रिंगची. जावात एकदा तयार झालेली स्ट्रिंग कधीच बदलत नाही. ट्रिम, रिप्लेस, टू-अपरकेस, कॉन्कॅट यांतली एकही मेथड मूळ स्ट्रिंगला हात लावत नाही. काही बदलायचं असेल तर ती नवी स्ट्रिंग बनवून तुमच्या हातात देते. सातबारा डोळ्यांसमोर आणा. तुमच्याकडच्या उताऱ्यावर वारसाचं नाव पेनने घालता येत नाही. फेरफार मंजूर होतो, नवा उतारा निघतो, तो तुम्हाला जाऊन घ्यावा लागतो. कपाटातला जुना कागद जसा होता तसाच राहतो. तुम्ही नुसतं 'गाव.ट्रिम();' लिहिलंत, म्हणजे नवा उतारा निघाला पण खिडकीवरून कुणी उचललाच नाही.

दुसरी गोष्ट मेथडची, आणि तिचा स्ट्रिंगशी खास असा संबंध नाही. जावात मेथडला सगळं काही किमतीनेच जातं, म्हणजे कॉपीच जाते. फक्त ऑब्जेक्टच्या बाबतीत व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट नसतो, त्याचा पत्ता असतो. कॉपी होते ती त्या पत्त्याची. बाहेरच्या 'गाव'जवळ एक चिठ्ठी आहे, मेथडमधल्या 'गाव'ला तिची झेरॉक्स मिळाली. नाव एकच असलं तरी चिठ्ठ्या दोन. तुम्ही आतल्या चिठ्ठीवरचा पत्ता खोडून नव्या स्ट्रिंगचा पत्ता लिहिलात. बाहेरच्या चिठ्ठीला त्याचं काय? मेथड संपली, आतली चिठ्ठी गेली, तिच्याबरोबर स्वच्छ केलेलं नावही हातचं गेलं.

क्लासमधलं 'खुद्द ऑब्जेक्टच जातो' हे वाक्य तेवढं पुसून टाका. ऑब्जेक्ट कुठेच जात नाही.

---

पाटीपेन्सिल

सर, सातबाऱ्याची उपमा आवडली पण मला ती अर्धीच पटते. फेरफार झाल्यावर कार्यालयातली मूळ नोंदच बदलते, पुढे जो कुणी उतारा काढेल त्याला नवीनच मिळतो. स्ट्रिंगमध्ये तसं होत नाही. जुन्या पत्त्यावर गेलेल्या प्रत्येकाला जुनंच नाव मिळत राहतं.

---

तळ्याकाठी

बरोबर धरलंत. उपमा हातातल्या कागदापुरतीच घ्यायची, कार्यालयापर्यंत ओढायची नाही.

---

पाटीपेन्सिल

सायली, एक प्रयोग करून बघा, माझ्या डोक्यातला गोंधळ यानेच गेला. स्ट्रिंगच्या जागी स्ट्रिंगबिल्डर (बदलता येणारी अक्षरांची माळ) घ्या. मेथडमध्ये दोन ओळी लिहा, याच क्रमाने:

नाव.अपेंड("कर");
नाव = न्यू स्ट्रिंगबिल्डर("सातारा");

बाहेर 'पुणे' घेऊन गेलात तर परत आल्यावर 'पुणेकर' दिसेल. 'सातारा' दिसणार नाही. पहिली ओळ पत्त्यावर जाऊन त्या घरातच बदल करते, म्हणून तो बदल बाहेरच्यालाही दिसतो. दुसरी ओळ फक्त आतली चिठ्ठी बदलते. म्हणजे मेथडला जे जातं ते दोन्ही वेळा एकाच रीतीने जातं. फरक एवढाच की स्ट्रिंगच्या घराला आतून बदल करायची सोयच ठेवलेली नाही. 'ऑब्जेक्ट असूनही स्ट्रिंग वेगळी वागते' असं जे वाटतं ते यामुळे.

---

सायलीची_वही

आत्ता करून पाहिलं. 'पुणेकर' आलं! दोन ओळींची अदलाबदल केली तर काय होईल याचा आधी कागदावर अंदाज बांधला, 'पुणे'च राहील असा, आणि तेच झालं. आतली चिठ्ठी आधीच 'सातारा'कडे गेल्यामुळे 'कर' सातारालाच जोडलं गेलं.

---

कोरी_डिस्क

मी थोडा असहमत. इतकं सगळं सांगून शेवटी पत्ता जातो म्हणजे रेफरन्सच जातो ना? मग 'पास बाय रेफरन्स' म्हणायला काय हरकत आहे? मुलाखतींत सर्रास असंच बोललं जातं.

---

तळ्याकाठी

हरकत आहे, कारण त्या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. पारख सोपी आहे. दोन स्ट्रिंग घेऊन त्यांची अदलाबदल करणारी मेथड लिहा. अ मध्ये 'कृष्णा', ब मध्ये 'कोयना'. मेथडमध्ये तात्पुरतं व्हेरिएबल घेऊन दोघांची जागा बदला आणि बाहेर येऊन छापा. जावात कृष्णा कृष्णाच राहते आणि कोयना कोयनाच. सी-प्लस-प्लसमध्ये पॅरामीटरला अँपरसँड लावला किंवा सी-शार्पमध्ये 'रेफ' लिहिलं तर खरोखर अदलाबदल होते, कारण तिथे आतलं नाव हे बाहेरच्या व्हेरिएबलचंच दुसरं नाव होतं. याला म्हणायचं पास बाय रेफरन्स. लक्षात घ्या, सी-शार्पची स्ट्रिंगही जावासारखीच न बदलणारी आहे, तरी 'रेफ'ने अदलाबदल होते. म्हणजे स्ट्रिंग बदलते की नाही आणि मेथडला काय जातं, हे प्रश्न अगदी वेगळे आहेत.

पत्त्याची कॉपी देण्याच्या या रीतीला स्वतंत्र नावही आहे, कॉल बाय शेअरिंग. १९७० च्या दशकात एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी सीएलयू ही भाषा बनवली, तेव्हापासूनचं. पायथनवाले हे नाव वापरतात, जावावाले फारसे नाही.

---

कोरी_डिस्क

अदलाबदल करून पाहिली. मान्य. माझा शब्द मागे घेतो.

---

खडू_आणि_फळा

पायथनचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. आमच्याकडे हाच गुंता एका चिन्हाच्या आड लपतो. फंक्शनला स्ट्रिंग दिली आणि आत 'प्लस-इक्वल' केलं तर बाहेर काहीच बदलत नाही. लिस्ट दिली आणि आत तेच 'प्लस-इक्वल' केलं तर बाहेरची लिस्ट लांबते! चिन्ह एकच, पण लिस्ट जागच्या जागी वाढते आणि स्ट्रिंगच्या वेळी नवी स्ट्रिंग बनून नाव तिच्याकडे वळतं. वर्गात मी आयडी (वस्तूचा ओळख-आकडा) छापायला लावते, आधी आणि नंतर. लिस्टचा आकडा तोच राहतो. स्ट्रिंगचा सहसा बदलतो. 'सहसा' अशासाठी की त्या स्ट्रिंगकडे दुसऱ्या कुणाचं बोट नसेल तर सीपायथन (पायथन चालवणारा नेहमीचा प्रोग्रॅम) कधीकधी तीच जागा वाढवून वापरतो. हे आतलं काटकसरीचं काम आहे, त्यावर विसंबून कोड लिहायचा नाही.

आणि रुबी ही भाषा शिकायला गेलात तर उलटा धक्का बसतो. तिथली साधी स्ट्रिंग बदलती आहे, मेथडमध्ये दोन कोनांच्या चिन्हाने काही जोडलं तर ते बाहेर दिसतं.

---

निवृत्त_गणक

आपण सगळे स्ट्रिंग न बदलण्याला अडचण समजून बोलत आहात. मी सी मध्ये उभी हयात काढली, माझ्या बाजूने हीच गोष्ट सांगतो.

स्ट्रटॉक नावाचं फंक्शन आहे, स्वल्पविरामाने जोडलेली ओळ तोडून देणारं. एका सहकारी संस्थेच्या कामात माझ्याकडे ओळी यायच्या: गाव, तालुका, जिल्हा. मी ओळ स्ट्रटॉकला दिली, गाव मिळालं, आनंद झाला. पुढे तीच ओळ अहवालात छापायला दिली तर कागदावर फक्त गावाचं नाव. तालुका, जिल्हा गायब. स्ट्रटॉक स्वल्पविराम शोधून त्याच्याच जागी शून्याचं अक्षर लिहून ठेवतं, आणि सी च्या लेखी शून्य आलं की ओळ संपली. मी विश्वासाने दिलेली ओळ फंक्शनने माझ्याच घरात येऊन कापली होती. दोन दिवस मी प्रिंटरची केबल तपासत होतो.

तेव्हापासून कुणालाही ओळ द्यायची तर आधी तिची नक्कल करून द्यायची सवय लागली. हजार ठिकाणी नकला, त्यांची जागा मागा, ती आठवणीने मोकळी करा. पुढे जावा हाती आली आणि कळलं की स्ट्रिंग कुणालाही बिनघोर देता येते, कारण कुणी तिला काही करूच शकत नाही. मला त्या दिवशी फार हलकं वाटलं होतं. सायलीताई, तुमच्या तीन संध्याकाळी गेल्या खऱ्या, पण त्याच नियमाने तुमचं पुढे पुष्कळ राखलं जाणार आहे.

---

तळ्याकाठी

काकांच्या म्हणण्याला जोडून, वाचनालयाचाच दाखला देतो. जुन्या वाचनालयांत कार्डांचे खण असायचे. 'क' च्या खणात एक कार्ड ठेवलं आणि कुणी त्यावरचं नाव खोडून 'बऱ्हाणपूर' केलं तर? शोधणारा 'ब' च्या खणात जाईल, तिथे कार्ड नाही. कुणी जुन्या नावाने 'क' चा खण उघडलाच तर तिथे त्या नावाचं कार्ड नाही. कार्ड आहे पण हरवलेलं. हॅशमॅपमध्ये (किल्ली देऊन नोंद शोधायच्या साठ्यात) किल्ली बदलली तर अगदी हेच होतं. किल्लीवरून एक आकडा काढतात, त्या आकड्यावरून खण ठरतो. स्ट्रिंग बदलत नाही म्हणून जावा तो आकडा एकदाच काढून स्ट्रिंगच्या पोटात जपून ठेवते, पुन्हा काढायची गरज नाही.

सुरक्षेचंही तसंच. फाइलचा मार्ग तपासला, परवानगी दिली, आणि उघडायच्या आत दुसऱ्या थ्रेडने (प्रोग्रॅममध्ये सोबतच चालणाऱ्या दुसऱ्या कामाने) तो मार्गच बदलला तर तपासणी फुकट गेली. स्ट्रिंगमध्ये ही फटच राहत नाही. म्हणूनच स्ट्रिंग हा क्लासही फायनल आहे. त्याचा वारस बनवून बदलता येणारी स्ट्रिंग आत घुसवता येत नाही.

---

रात्रपाळी

मग पासवर्ड स्ट्रिंगमध्ये ठेवू नका असं का सांगतात?

---

तळ्याकाठी

याच गुणामुळे. बदलता येत नाही म्हणजे काम झाल्यावर पुसताही येत नाही. जावाच्या कचरा गोळा करणाऱ्याची (गार्बेज कलेक्टरची) फेरी येईपर्यंत ती स्मृतीत पडून राहते. अक्षरांच्या ॲरेवर (रांगेवर) मात्र आपल्या हाताने शून्यं लिहिता येतात. जावाच्या स्विंग या खिडक्या-बटणांच्या संचामधल्या पासवर्डच्या खोक्यातून म्हणूनच स्ट्रिंग न घेता ॲरे घ्यायला सांगितलंय.

---

अर्धविराम

कामाच्या गोष्टी दोन. एक, मेथडच्या पॅरामीटरला फायनल लावा: 'शुद्धकर(फायनल स्ट्रिंग गाव)'. मग आत 'गाव =' लिहिताक्षणी कंपायलर अडवतो आणि सायलीचा घोटाळा जागीच पकडला जातो. फायनल लावल्याने स्ट्रिंग अचल होते असं मात्र नाही, ती आधीपासूनच आहे. फायनल फक्त चिठ्ठीला लागतं. फायनल स्ट्रिंगबिल्डरला खुशाल अपेंड करता येतं.

दोन, 'गाव.ट्रिम();' सारखी नुसती ओळ इंटेलिजे हा कोड लिहायचा प्रोग्रॅम पिवळी करून दाखवतो, की बाबा, उत्तर वापरलं नाहीस. कोडमधल्या चुका शोधणारा स्पॉटबग्जही दाखवतो. ते पिवळं दुर्लक्षू नका.

---

रात्रपाळी

+१, फायनलची सवय मीही लावून घेतली आहे.

---

कोरी_डिस्क

सायली, यादी फाइलमध्ये लिहिताना लूपमध्ये 'अहवाल = अहवाल + ओळ' करत असाल तर तेही बदला. दर फेरीला आधीचा सगळा अहवाल नव्या स्ट्रिंगमध्ये उतरवला जातो. दहा हजार ओळी, प्रत्येकी १०० अक्षरं धरा. पूर्ण अहवाल १० लाख अक्षरांचा, पण तिथवर पोचेतो उतरवलेली अक्षरं भरतात ५०० कोटींच्या वर. स्ट्रिंगबिल्डर आतल्या आत वाढतो, त्यामुळे हे ओझं टळतं.

शिवाय मराठीला हे दुप्पट जड. २०१७ साली आलेल्या जावा ९ पासून नुसत्या लॅटिन अक्षरांची स्ट्रिंग एका अक्षराला एक बाइट अशी ठेवतात. देवनागरी त्यात बसत नाही, आपल्याला दोनच लागतात.

---

जोडाक्षर

धागा उशिरा दिसला. मेथडचं सगळं नीट सांगून झालंय, पण सायली, तुमचं मूळ दुखणं अजून शिल्लक आहे. रिटर्न लावूनही काही कऱ्हाड सापडणार नाहीत.

'कऱ्हाड' हा शब्द तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. पहिली तऱ्हा, ऱ हे एकच अक्षर, मग हलन्त, मग हाड. लेंग्थ विचारली तर ६. दुसरी, साधा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब), मग हलन्त, लेंग्थ ७. तिसरी, साधा र, हलन्त आणि त्यामागे शून्य रुंदीचा जोडक, युनिकोड क्रमांक २००डी. लेंग्थ पुन्हा ७. पडद्यावर तिन्ही सारखीच.

एनएफसी पहिल्या दोघांना एक करतं, र आणि नुक्ता मिळून ऱ होतो. तिसऱ्याला ते हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी तो वेगळाच मजकूर आहे. तिथे तुम्हालाच रिप्लेस करावं लागेल: र, हलन्त, जोडक या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त. आणि कळकळीने सांगतो, जोडक नुसता काढून टाकू नका. तसं केलं की 'कऱ्हाड'चं 'कर्हाड' होतं, रफार ह च्या डोक्यावर जातो. असं बिघडलेलं मराठी मी किती यादींत पाहिलंय त्याला मोजदाद नाही. आपल्या भाषेचा हा चंद्रकोरीसारखा र सांभाळायला हवा.

मोकळ्या जागेचंही एक. जावा ११ पासून ट्रिमऐवजी स्ट्रिप वापरा, ते युनिकोडच्या मोकळ्या जागा ओळखतं. पण वेबपानावरून चिकटवलेली न तुटणारी जागा, क्रमांक ००ए०, दोघांनाही दाद देत नाही. तिला आधी साध्या जागेने बदला, मग स्ट्रिप करा. आणि हो, दर पायरीचं उत्तर पकडा!

---

सायलीची_वही

जोडाक्षर, तुम्ही म्हणालात तस्सं निघालं. शंका असलेल्या नोंदींची लेंग्थ छापली तर एकीने टाइप केलेल्या भागात सगळीकडे ६ आणि दुसरीच्या भागात ७. दोघींचे कळफलक वेगळे होते. मी बिचाऱ्या दुसरीला उगाच नीट टाइप करायला सांगत होते, तिची काहीच चूक नव्हती. उद्या तिला भेटून हे सांगणार आहे.

आता मेथड अशी आहे:

स्टॅटिक स्ट्रिंग शुद्धकर(फायनल स्ट्रिंग गाव) {
  स्ट्रिंग जुळवलेलं = नॉर्मलायझर.नॉर्मलाइझ(गाव, एनएफसी);
  स्ट्रिंग एकरूप = जुळवलेलं.रिप्लेस(जोडकाचा_र, अर्धा_ऱ);
  स्ट्रिंग सुटं = एकरूप.रिप्लेस(न_तुटणारी_जागा, साधी_जागा);
  रिटर्न सुटं.स्ट्रिप();
}

प्रत्येक पायरीला वेगळं नाव दिलं, म्हणजे कुठलं उत्तर कुठे पकडलं ते मलाच दिसतं. शोधाच्या खोक्यात टाइप केलेला शब्दही याच मेथडमधून काढला, नाहीतर यादी स्वच्छ आणि प्रश्नच अस्वच्छ राहिला असता.

एक शंका. हे नाव आधीच स्वच्छ असेल तरी चार नव्या स्ट्रिंग बनतात का?

---

तळ्याकाठी

नाही. स्ट्रिपला काढण्यासारखं काही सापडलं नाही तर ते तीच स्ट्रिंग परत देतं, रिप्लेसचंही आताच्या जावात तसंच. बदलणारच नसलेली वस्तू पुन्हा बनवायची गरज काय? पण म्हणून 'बदललं का' हे 'इक्वल-इक्वल'ने तपासू नका, मजकुराची तुलना इक्वल्सनेच करायची.

---

सायलीची_वही

इक्वल्सच लावलंय. आत्ता शेवटचं चालवून पाहिलं, 'कऱ्हाड' टाकल्यावर दोन्ही भागांतले सभासद एका यादीत आले. 'बऱ्हाणपूर'चे एक आजोबाही सापडले. ग्रंथपालकाकांना वाटत होतं त्यांची नोंद करायचीच राहून गेली.